वैद्यकीय ग्रंथपालांच्या संघटनेत पदासाठी उभं राहायचंय? कोणतं काम आधी, कोणतं नंतर

कुणी सिस्टिमॅटिक रिव्ह्यूसाठी (एखाद्या प्रश्नावरचं आजवरचं संशोधन पद्धतशीर शोधून, पारखून घेतलेल्या आढाव्यासाठी) मदत मागायला आलं, तर वैद्यकीय ग्रंथपाल लगेच शोध सुरू करत नाही. नेमका प्रश्न काय, कोणते डेटाबेस, कोणत्या विषयसंज्ञा, कोणत्या मर्यादा, हे सगळं आधी कागदावर येतं. तीच माणसं संघटनेच्या निवडणुकीला उभी राहताना मात्र ही शिस्त सोडून देतात. अर्जाची मुदत संपायला चार दिवस असताना कुणीतरी ‘यंदा तुम्हीच उभे राहा’ म्हणतं आणि रात्रीत उमेदवाराचं निवेदन लिहून अर्ज जातो. पुढे छाननीत अर्ज बाद होतो. किंवा निवडून आल्यावर कळतं की एक वर्षाचं वाटलेलं पद तीन वर्षांचं आहे. किंवा पहिल्याच बैठकीला जायला वरिष्ठ सुट्टी देत नाहीत.

या चुकांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं, ते म्हणजे चुकलेला क्रम. लोक निवेदनापासून सुरुवात करतात. खरं तर निवेदनाआधी सहा कामं व्हावी लागतात आणि ती झाली की निवेदन लिहिणं तुलनेनं सोपं जातं. हाताशी सहा महिने असतील तर उत्तम. तीन महिन्यांत धावपळ करून जमतं. पंधराच दिवस उरले असतील, तर माझा स्पष्ट सल्ला असा की या वेळी दुसऱ्या चांगल्या उमेदवाराला मदत करा आणि स्वतःची तयारी पुढच्या निवडणुकीसाठी आजपासून सुरू करा.

१. घटना वाचा, मग पद ठरवा

तीन कागद मिळवा: संघटनेची घटना (ताज्या दुरुस्त्यांसह), निवडणुकीचे नियम आणि त्या पदाच्या जबाबदाऱ्यांची यादी. संकेतस्थळावरची प्रत जुनी असू शकते. म्हणून सचिवांना लिहून ‘सध्या लागू असलेली प्रत’ मागा. निवडणुकीचे नियम पुष्कळदा घटनेत नसतात, वेगळे असतात, आणि लोक नेमके तेच वाचायचे राहतात.

वाचताना या गोष्टी टिपून ठेवा:

- पदाचा कालावधी कधी सुरू होतो आणि कधी संपतो
- त्या पदाबरोबर आपोआप आणखी कोणत्या समित्या गळ्यात पडतात
- पदाधिकाऱ्यांची निवड सर्व सभासद करतात, की निवडून आलेली कार्यकारिणी आपल्यातूनच करते
- लागोपाठ किती वेळा उभं राहता येतं
- अर्ज, छाननी, माघार आणि मतदान यांच्या तारखा कशा ठरतात

सर्वाधिक गोंधळ होतो तो ‘नियोजित अध्यक्ष’ या पदाबाबत. अमेरिकेच्या मेडिकल लायब्ररी असोसिएशनमध्ये सभासद नियोजित अध्यक्ष निवडतात. ती व्यक्ती एक वर्ष नियोजित अध्यक्ष, पुढचं वर्ष अध्यक्ष आणि त्यानंतरचं वर्ष माजी अध्यक्ष म्हणून संचालक मंडळावर असते. म्हणजे मत एकदाच पडतं, पण बांधिलकी तीन वर्षांची असते. इतर संघटनांत ही रचना वेगळी असू शकते, म्हणून तुमच्या घटनेतलं कलम स्वतः वाचा. आधीच्या पदाधिकाऱ्याच्या आठवणीवर विसंबू नका. त्यांच्या काळानंतर नियम बदललेला असू शकतो.

पद निवडताना मान किती मिळतो यापेक्षा रोजचं काम काय आहे ते पाहा. खजिनदाराला अंदाजपत्रक मांडावं लागतं, लेखापरीक्षकाच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात. सचिवाला इतिवृत्तं लिहावी लागतात आणि सभेच्या सूचना मुदतीत काढाव्या लागतात. अध्यक्षाचा वेळ बैठका चालवण्यात, वाद मिटवण्यात आणि बाहेरच्या संस्थांशी बोलण्यात जातो. ज्यांनी आजवर एकाही समितीत काम केलेलं नाही, त्यांनी थेट अध्यक्षपदासाठी उभं राहू नये असं माझं मत आहे. आधी शिक्षण समिती, परिषदेची संयोजन समिती किंवा कार्यकारिणीचं साधं सदस्यत्व घ्या. निवडणुकीत विचारलं जातंच की संघटनेसाठी तुम्ही काय पूर्ण केलंत, आणि त्याचं उत्तर तिथे तयार होतं.

काही संघटनांत थेट अर्ज करता येत नाही. नामनिर्देशन समिती नावं मागवते, पारखते आणि मग मतपत्रिका ठरवते. तिथे अर्ज छापील नमुन्याचा नसतो. समितीच्या अध्यक्षांना वेळेत पत्र लिहून स्वतःची तयारी कळवावी लागते. स्वतःचं नाव स्वतः सुचवण्यात गैर काहीच नाही. नियमात तशी सोय असेल तर ती वापरा.

तपासणी: कोऱ्या कागदावर, न बघता, पदाची सुरुवात, शेवट, वर्षातल्या बैठका आणि आपोआप येणाऱ्या समित्या लिहून पाहा. लिहिता आलं नाही, तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

२. सभासदत्व तपासा: तुमचं आणि सूचक-अनुमोदकांचं

इथे हुशारी लागत नाही, फक्त काळजी लागते. तरी अर्ज बाद होण्याचं हेच मोठं कारण असतं.

सभासदत्वाचा प्रकार पाहा. विद्यार्थी, सहयोगी, निवृत्त, संस्थात्मक अशा प्रकारांना मतदानाचा आणि उभं राहण्याचा हक्क सारखा असेलच असं नाही. संस्थात्मक सभासदत्वात खास अडचण असते. महाविद्यालय सभासद आहे म्हणून तिथला प्रत्येक ग्रंथपाल सभासद ठरत नाही. मत बहुतेक वेळा संस्थेने नेमलेल्या एकाच प्रतिनिधीचं असतं. तुम्ही वैयक्तिक सभासद आहात, की इतकी वर्षं संस्थेच्या नावावर सगळीकडे जात होता, हे आजच पाहून घ्या.

वर्गणीची तारीखही नीट बघा. नियमात ‘अर्ज भरताना वर्गणी भरलेली असावी’ असं आहे, की ‘अमुक तारखेला थकबाकी नसावी’ असं आहे? दुसऱ्या प्रकारात अर्जाच्या आदल्या दिवशी पैसे भरून उपयोग होत नाही. सलग काही वर्षं सभासदत्व हवं अशी अट असेल आणि मध्ये एक वर्ष खंड पडला असेल, तर तसं सचिवांना लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या.

सावधान: सूचक आणि अनुमोदकही मताधिकार असलेले सभासद लागतात. नावाजलेल्या, पण वर्गणी थकलेल्या ज्येष्ठ ग्रंथपालांची सही अर्जाला वाचवत नाही, उलट बुडवते. त्यांना विचारायला संकोच वाटतो हे समजण्यासारखं आहे. तेव्हा थेट त्यांना न विचारता सचिवांकडून मतदार यादीत नाव असल्याची खात्री करून घ्या.

३. वरिष्ठांची परवानगी, आणि तीही लेखी

हे काम लोक निकालानंतरसाठी ठेवतात. नंतर नकार आला तर राजीनामा देण्याची वेळ येते आणि संघटनेला पुन्हा निवडणूक घ्यावी लागते. म्हणून ते तिसऱ्याच टप्प्यावर उरकायचं.

रुग्णालयातल्या ग्रंथालयाचे वरिष्ठ बहुधा डॉक्टर किंवा प्रशासक असतात. ग्रंथपालांच्या संघटनेशी त्यांचा संबंध नसतो. ‘मला निवडणूक लढवायची आहे’ एवढंच सांगितलं, तर त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त तुमची रिकामी खुर्ची येते. पत्रात चार गोष्टी असू द्या: कोणतं पद आणि किती काळासाठी, दरमहा अंदाजे किती तास, वर्षातून किती दिवस बाहेरगावी, आणि त्या काळात ग्रंथालयाचं काम कोण पाहील. शेवटच्या गोष्टीवर सगळं ठरतं. पत्राचा गाभा असा ठेवता येईल:

‘संघटनेच्या कार्यकारिणी सदस्यपदासाठी उमेदवारी अर्ज भरण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. पदाचा कालावधी दोन वर्षांचा आहे. मासिक बैठक ऑनलाइन, कामाच्या वेळेनंतर होते. वार्षिक परिषदेसाठी तीन दिवस बाहेर जावं लागेल. त्या दिवसांत तातडीचे शोध शेजारच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडून करून घेण्याची व्यवस्था झाली असून त्यांचं संमतिपत्र सोबत जोडलं आहे.’

जिथे एकच ग्रंथपाल आहे तिथे ते संमतिपत्र खरोखर मिळवलेलं असावं. अतिदक्षता विभागातून एखाद्या औषधाच्या मात्रेबद्दल तातडीचा शोध मागितला जातो, तेव्हा ‘ग्रंथपाल परिषदेला गेले आहेत’ हे उत्तर चालत नाही. ही सोय उमेदवाराने स्वतःहून केलेली दिसली, की परवानगीचा मार्ग पुष्कळ सुकर होतो.

प्रवासखर्च कोण देणार, कार्यालयाचा ईमेल आणि फोन संघटनेच्या कामाला वापरता येईल का, आणि नोकरीच्या नियमांत बाहेरचं पद घेण्याबद्दल काही अट आहे का, हेही याच वेळी विचारून घ्या. तोंडी ‘हो’वर थांबू नका. वरिष्ठ बदलतात आणि नवीन आलेल्यांना तोंडी शब्द बांधून ठेवत नाही.

४. हितसंबंधांची यादी करा

वैद्यकीय ग्रंथालयांच्या जगात हा मुद्दा इतरांपेक्षा नाजूक असतो. डेटाबेस आणि नियतकालिकं विकणाऱ्या कंपन्या आपल्याच परिषदांच्या प्रायोजक असतात, त्याच आपल्याशी लायसन्सच्या वाटाघाटी करतात आणि त्याच ग्रंथपालांना सल्लागार मंडळावर बोलावतात. यात गैर आहेच असं नाही. पण लपवलेलं उघड झालं की उमेदवाराबरोबर संघटनेचंही नाव जातं.

एका पानावर लिहून काढा: कोणत्या कंपनीच्या सल्लागार मंडळावर आहात, कुणाच्या खर्चाने प्रवास केलात, व्याख्यानाचं मानधन कुणाकडून घेतलंत, जवळचं नातेवाईक अशा कंपनीत आहे का, संघटनेला सेवा विकणाऱ्या एखाद्या संस्थेशी तुमचा व्यवहार आहे का. अर्जात हे विचारलं नसलं तरी यादी तयार ठेवा. निवडून आल्यावर तशा विषयावर चर्चा आली की हितसंबंध जाहीर करायचा, मतदानातून बाहेर राहायचं आणि ते इतिवृत्तात नोंदवून घ्यायचं.

सावधान: पुष्कळ लायसन्स करारांत किंमत गुप्त ठेवण्याचं कलम असतं. ‘आमच्या महाविद्यालयाने अमुक डेटाबेस अमुक किमतीला मिळवला’ असं प्रचारात सांगितलंत, तर तुमच्याच संस्थेचा करार मोडतो. कौशल्य दाखवायचं असेल तर वाटाघाटीची पद्धत सांगा, आकडे सांगू नका.

५. गेल्या तीन वर्षांची इतिवृत्तं आणि हिशेब

बहुतेक उमेदवार हे करत नाहीत, म्हणूनच करणारा पहिल्याच प्रश्नोत्तरात वेगळा उठून दिसतो.

इतिवृत्तं वाचताना एकच गोष्ट शोधा: कोणता विषय पुन्हा पुन्हा ‘पुढील बैठकीत विचारार्थ’ असा ढकलला गेला? समजा, नवीन ग्रंथपालांसाठी मार्गदर्शक जोडून देण्याचा ठराव तीन बैठकांत आला आणि तीनदा पुढे गेला. कारण इतिवृत्तातच सापडेल. समन्वयाला माणूस मिळाला नसेल, पैसे नसतील किंवा दोन समित्यांत हद्दीचा वाद असेल. हे कळल्यावर ‘मी मार्गदर्शन योजना आणीन’ असं तुम्ही म्हणणार नाही. ‘अडलेली मार्गदर्शन योजना मी कशी सोडवीन’ हे सांगाल, आणि ऐकणाऱ्याला फरक ताबडतोब कळतो.

हिशेबात उत्पन्नाचे भाग वेगळे करून पाहा: वर्गणी, परिषद, अभ्यासक्रमांचं शुल्क, नियतकालिक, प्रायोजक. परिषदेवर संघटना कितपत तगून आहे? ज्या संघटनेचा वर्षभराचा कार्यालयीन खर्च परिषदेच्या शिलकीतून निघतो, तिथे ‘परिषद शुल्क निम्मं करू’ हे आश्वासन म्हणजे कार्यालय बंद करण्याचं आश्वासन ठरतं. शिष्यवृत्तीसाठी किंवा पुरस्कारासाठी देणगीदाराने दिलेला निधी दुसरीकडे वळवता येत नाही. एकूण शिल्लक बघून ‘पैसे तर पडून आहेत’ असा निष्कर्ष काढू नका. त्यातला मोकळा भाग किती, ते बघा.

ताळेबंद समजत नसेल तर आधीच्या खजिनदारांकडे तासभर मागा. कागद समोर ठेवून प्रश्न विचारणाऱ्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

६. सभासदांशी बोला, पण मत मागू नका

अर्ज भरण्यापूर्वी दहाबारा सभासदांशी सावकाश बोलून घ्या. आपल्यासारख्यांशीच बोलायची चूक इथे होते. मोठ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातला उमेदवार मोठ्या विद्यापीठातल्यांनाच फोन करतो. छोट्या रुग्णालयातले एकटे ग्रंथपाल, परिचर्या आणि दंत महाविद्यालयांतले, औषध कंपन्यांच्या माहिती विभागातले, सार्वजनिक आरोग्य खात्यातले, नुकतेच शिकून आलेले, असे सगळे मतदार असतात आणि त्यांच्या अडचणी एकमेकांशी फारशा जुळत नाहीत.

दोनच प्रश्न पुरतात. ‘गेल्या वर्षभरात संघटनेचा उपयोग नेमका कुठे झाला?’ आणि ‘संघटनेकडून मदत हवी होती, पण मिळाली नाही, असं कधी झालं?’ मग गप्प बसून ऐका. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या.

ऐकू येणारे विषय साधारण ठरलेले असतात, पण तपशिलात सगळं असतं. उदाहरणार्थ, सिस्टिमॅटिक रिव्ह्यूत लेखक म्हणून नाव मिळत नाही ही तक्रार घ्या. आयसीएमजेईच्या (वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या) शिफारशींनुसार लेखकपदासाठी चार अटी आहेत आणि चारही पूर्ण व्हाव्या लागतात: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्याची चिकित्सक सुधारणा, अंतिम प्रतीला मान्यता आणि कामाची जबाबदारी. शोध करून देऊन जो ग्रंथपाल बाजूला होतो तो यात बसत नाही. जो पद्धतीचा भाग लिहितो, अंतिम प्रत वाचून मान्यता देतो आणि शोधाबद्दलच्या शंकांना उत्तरदायी राहतो, तो बसू शकतो. म्हणजे ‘आम्हाला श्रेय मिळत नाही’ या तक्रारीवर संघटना करू शकते असं ठोस काम निघतं: शोधाचं काम सुरू होण्यापूर्वी संशोधकाबरोबर करायच्या लेखी कराराचा एक पानी नमुना. तक्रारीपासून कामापर्यंत असं पोचता आलं, की निवेदनातला एक मुद्दा हाती येतो.

तपासणी: तुमच्या वहीत तुमच्या मताविरुद्ध जाणारी निदान दोन मतं आहेत का? नसतील, तर तुम्ही चुकीच्या माणसांशी बोललात किंवा फार बोललात.

७. आता निवेदन

शब्दमर्यादा काटेकोर पाळा. जिथे ती यंत्राने मोजली जाते तिथे शेवटची वाक्यं सरळ कापली जातात आणि नेमका मुख्य मुद्दा जातो.

नेहमीचा नमुना असा असतो: ‘मी गेली अनेक वर्षे वैद्यकीय ग्रंथालय क्षेत्रात कार्यरत असून विविध परिषदांमध्ये शोधनिबंध सादर केले आहेत. संघटनेला नव्या उंचीवर नेण्याचा माझा मानस आहे. सर्वांना सोबत घेऊन काम करीन.’ यात खोटं काही नाही. पण हेच निवेदन दुसऱ्या उमेदवाराच्या नावाखाली छापलं, तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. परिचय बहुधा वेगळ्या रकान्यात येतो. निवेदनाची जागा त्यावर घालवू नका.

त्याऐवजी:

‘मी तीनशे खाटांच्या रुग्णालयात एकटी ग्रंथपाल आहे. माझा शोध तपासून देणारं माझ्या इमारतीत कुणी नाही आणि आपल्यातल्या अनेकांची हीच स्थिती आहे. निवडून आल्यास पहिल्या सहा महिन्यांत मी शिक्षण समितीमार्फत शोध-तपासणीच्या जोड्या सुरू करीन. सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचा शोध चालवण्यापूर्वी एका सभासदाने दुसऱ्याचा शोध ‘प्रेस’ (PRESS) या शोध पारखण्याच्या तपासणी-यादीनुसार पाहायचा. यासाठी वेगळा निधी लागत नाही. लागतो तो समन्वयक, आणि त्या कामासाठी दोन सभासदांनी होकार दिला आहे.’

काम कोणतं, कुणामार्फत, किती दिवसांत, किती पैशांत आणि माणसं कुठून, सगळं त्यात आलं. असे दोन, फार तर तीन मुद्दे पुरेत. दहा मुद्द्यांची यादी वाचणाऱ्याच्या लक्षात राहत नाही आणि लिहिणाऱ्याच्या हातून पूर्ण होत नाही.

प्रत्येक मुद्द्याला एक प्रश्न विचारा: हे करण्याचा अधिकार या पदाला आहे का? ग्रंथपालांची वेतनश्रेणी संघटना ठरवत नाही. एखाद्या रुग्णालयाने ग्रंथालय बंद करायचं ठरवलं, तर संघटना तो निर्णय रद्द करू शकत नाही. पण किमान मानकांचा दस्तऐवज काढणं, व्यवस्थापनाला पत्र लिहिणं, ग्रंथालयामुळे उपचारांच्या निर्णयांत काय फरक पडतो याची नोंद ठेवण्याचा नमुना सभासदांना देणं, हे करू शकते. निवेदनात तेच लिहा.

आणखी काही गोष्टी टाळा. मावळत्या कार्यकारिणीवर टीका नको. त्यातल्या निम्म्या माणसांबरोबर तुम्हाला काम करायचं असतं. सगळ्यांना ठाऊक नसलेली संक्षिप्त रूपं नकोत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून अख्खं निवेदन लिहून घेऊ नका. खोटे संदर्भ रचणाऱ्या याच साधनांबद्दल आपण वाचकांना सावध करतो, आणि तीच गुळगुळीत भाषा आपल्या निवेदनात दिसली तर ग्रंथपाल मतदार ती पहिल्या ओळीत ओळखतो.

मसुदा दोघांना वाचायला द्या: एक तुम्हाला चांगलं ओळखणारा, दुसरा अजिबात न ओळखणारा. दुसऱ्याला विचारा, ‘या माणसाने काय करायचं कबूल केलंय?’ त्याला सांगता आलं नाही तर पुन्हा लिहा.

८. अर्ज भरणं

सूचक आणि अनुमोदक तुमच्याच ग्रंथालयातले नसले तर बरं. वेगळ्या प्रकारच्या संस्थांतली दोन नावं मतदाराला न बोलता बरंच सांगतात. सही घेण्यापूर्वी त्यांना निवेदन वाचायला द्या. आपल्या नावाखाली काय छापलं जाणार आहे, हे जाणून घेण्याचा त्यांना हक्क आहे.

नाव मतदार यादीत जसं आहे तसंच अर्जात लिहा. मुदत कोणत्या प्रमाणवेळेनुसार आहे ते पाहा. आंतरराष्ट्रीय संघटनेत ‘पाच तारखेला रात्री बारापर्यंत’ याचा अर्थ तुमच्या घड्याळात पाच तारखेची संध्याकाळही असू शकतो. अर्ज किमान तीन दिवस आधी पाठवा आणि पोच मिळेपर्यंत तो पोचला असं समजू नका.

छाननीनंतर वैध उमेदवारांची यादी लागते. नाव, पद आणि शुद्धलेखन त्याच दिवशी तपासा. हरकतीची मुदत छोटी असते. माघारीची शेवटची तारीखही टिपून ठेवा. घरात किंवा नोकरीत परिस्थिती बदलली असेल, तर मुदतीत माघार घेण्यात कमीपणा नाही. मतपत्रिका निघाल्यावर बाजूला झालात तर मात्र सगळ्यांची पंचाईत होते.

९. प्रचार: नियम आधी, उत्साह नंतर

प्रचाराला परवानगी किती आहे, हे दर संघटनेत वेगळं असतं. काही ठिकाणी फक्त अधिकृत निवेदन आणि उमेदवारांची एक प्रश्नोत्तर बैठक, बाकी सगळ्याला मनाई. नियम मोघम असेल तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना लेखी विचारा.

समितीच्या कामासाठी तुमच्याकडे आलेली सभासदांची ईमेल यादी प्रचाराला वापरायची नाही. ती त्यांनी वेगळ्या कामासाठी दिली होती. वाचकाने काय वाचलं हे गुप्त ठेवणाऱ्या व्यवसायातल्या माणसाकडून ही चूक झाली, तर तक्रार होणारच आणि ती रास्तच असेल. रुग्णालयाचा अधिकृत ईमेलही नको.

समर्थकांना नियम समजावून सांगा. त्यांनी उत्साहात टाकलेला संदेश तुमच्या नावावर धरला जाऊ शकतो.

प्रश्नोत्तर बैठकीत अवघड प्रश्न पैशांवर, हितसंबंधांवर आणि ‘तुम्हाला वेळ मिळेल का’ यावर येतात. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या टप्प्यांचे कागद समोर ठेवा. उत्तर माहीत नसेल तर ‘पाहून अमुक दिवसापर्यंत लेखी कळवतो’ म्हणा आणि त्या दिवसापर्यंत कळवाच.

१०. मतदान, निकाल आणि त्यानंतरचा पंधरवडा

ऑनलाइन मतपत्रिकेचा ईमेल रुग्णालयांच्या सुरक्षा-चाळणीत अडकून स्पॅममध्ये जातो. मतदान सुरू झाल्यावर दोन दिवसांत स्वतःची मतपत्रिका आली का ते पाहा. आली नसेल तर निवडणूक अधिकाऱ्यांना कळवा आणि सर्व सभासदांना त्यांच्याकडूनच आठवण पाठवण्याची विनंती करा. स्वतः मत द्यायला विसरू नका.

मतमोजणीची पद्धत आधी समजून घ्या. सर्वाधिक मतं मिळवणारा विजयी, निम्म्याहून अधिक मतं हवीत, की पसंतीक्रम? समान मतं पडली तर काय? निकालावर हरकत घ्यायची असेल तर ती कलमाचा आधार देऊन, मुदतीत आणि लेखी घ्या. इतरत्र बोलून काही साधत नाही.

निवडून आलात, तर मावळत्या पदाधिकाऱ्यांकडून लगेच पदभार मागून घ्या: अपूर्ण ठराव, चालू करार आणि त्यांच्या नूतनीकरणाच्या तारखा, खात्यांचे पासवर्ड, बँकेतल्या सह्यांचा बदल, वर्षभरातल्या कायदेशीर मुदती, पुढच्या परिषदेची वचनं. बँकेच्या सह्या बदलायला लागणारा वेळ लोक नेहमी कमी धरतात. तो ठराव पहिल्याच बैठकीत करून घ्या. वरिष्ठांना निकाल लेखी कळवा, सोबत वर्षभराच्या बैठकांच्या तारखा द्या. शेजारच्या ग्रंथालयाशी केलेली व्यवस्था पहिल्या दौऱ्यापूर्वी एकदा प्रत्यक्ष वापरून पाहा.

हरलात, तर विजयी उमेदवाराला आठवड्याभरात पत्र लिहा आणि आपल्या निवेदनातला एक मुद्दा नेमकेपणाने पुढे करा: ‘शोध-तपासणीच्या जोड्यांचा आराखडा तयार आहे, समन्वयाला दोन सभासद राजी आहेत, शिक्षण समितीत मला घेतलंत तर हे काम मी सुरू करू शकेन.’ सूचक-अनुमोदकांचे आणि वेळ देऊन बोललेल्या प्रत्येक सभासदाचे आभार वेगवेगळे माना. वही, हिशेबाची टिपणं आणि परवानगीचं पत्र एका फाइलमध्ये नीट ठेवा आणि फाइलवर पुढच्या निवडणुकीच्या घोषणेचा महिना लिहा.